जुने व्हिडिओ गेम खरेच चांगले होते, की आपण लहान होतो म्हणून ते चांगले वाटतात?

कऱ्हाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात गावचे घर रंगवायला काढले, तेव्हा माळ्यावरून पत्र्याचा एक डबा खाली आला. आत जुन्या चादरीत गुंडाळलेला टीव्ही गेम होता. राखाडी खोका, दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक आणि दोन पिवळ्या कॅसेटी. कार्ट्रिज हा शब्द मला फार पुढे कळला. आमच्या आळीत ती कॅसेटच होती. १९९४ च्या दिवाळीत वडिलांनी बोनसच्या पैशांतून तो घरी आणला, आणि पुढची तीन वर्षे आमच्या ओसरीवर चपला काढायला जागा उरली नव्हती.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ते गेम आजच्या गेमपेक्षा चांगले होते असे मला मनापासून वाटते. एकदा विकत घेतले की ते पूर्णपणे आपले होत. खोका सुरू केला की दुसऱ्या क्षणी खेळ सुरू होई. डाउनलोड नाही, अपडेट नाही, पासवर्ड नाही, आणि मध्येच कोणी आणखी पैसे मागत नसे. मारिओ, कॉन्ट्रा, टँक, रोड फायटर, सर्कस, डक हंट हे सगळे एका कॅसेटीत मावत आणि एका पिढीला पुरत.

तरीही एक शंका मला स्वस्थ बसू देत नाही. हे मत गेमविषयी आहे, की त्या ओसरीविषयी? वडील आता नाहीत. डबा उघडल्यावर आधी त्यांचा हात आठवला, गेम नंतर आठवले. अशा मनाने केलेला न्याय किती खरा धरायचा?

म्हणून एक प्रयोग करायचे ठरवले आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि पुतण्या चौदाचा. दोघांनाही या खोक्याची कसलीच आठवण नाही. आठवडाभर तो त्यांच्या हाती द्यायचा, कौतुक करायचे नाही, शिकवायचे नाही, नुसते बघायचे. काय घडले ते इथेच लिहीन. तोवर आपले अनुभव आणि मतभेद अवश्य मांडा.

वैदर्भीय

फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. आज मला माझ्या बँकेच्या खात्याचा क्रमांक पाठ नाही, पण कॉन्ट्रामध्ये तीस जीव मिळवून देणारा हा क्रम बोटांना पाठ आहे. आमच्या अमरावतीच्या शाळेत तो कोणी आणला हे आजतागायत कळलेले नाही. दहावीतला एक मुलगा तो मधल्या सुट्टीत सांगायचा, आणि बदल्यात फक्त एवढेच मागायचा की पुढच्याला आपले नाव सांगा.

चिन्मय९८

कऱ्हाकाठ काका, राग मानू नका, पण माझा पहिल्याच मुद्द्याला विरोध आहे. माझा जन्म १९९८ चा. तुमचे गेम मी मोठेपणी, संगणकावर खेळलो आहे आणि त्यातले काही मला फार आवडतात. पण तुम्ही तुलना करता ती तेव्हाच्या दहा उत्तम गेमची आजच्या सगळ्या गेमशी. त्या कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात तेच दहाबारा गेम नावे बदलून, पुढची पातळी आधी सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत घातलेले असत. त्या दहाबारांतलेही निम्मे आज कोणाला आठवत नाहीत. काळाने निवड करून दिलेला मालच तुमच्यासमोर उरला आहे.

दुसरे, जुने गेम अवघड होते याचा अभिमान बाळगला जातो, पण ते अवघड का होते हेही पाहिले पाहिजे. व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनवरचा गेम दोन-तीन मिनिटांत खेळाडूला मारणार, कारण पुढचे नाणे तेव्हाच पडणार. घरच्या गेममध्ये जागा कमी, म्हणून पातळ्या कमी, म्हणून मग त्या अवघड करून ताणायच्या. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये एकूण ३२ पातळ्या आहेत, आणि सरावलेले खेळाडू मधले गुप्त मार्ग वापरून तो ५ मिनिटांच्या आत संपवतात. मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नसती, तर तो एका सुट्टीत संपला असता.

आणि आज काय आहे ते पाहा. स्टारड्यू व्हॅली हा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारएक वर्षे खपून केला आणि २०१६ मध्ये प्रकाशित केला. चित्रे, संगीत, संवाद सगळे त्याचे. हॉलो नाइट आहे, एल्डन रिंग आहे. हे गेम काही पैसे उकळण्यासाठी केलेले नाहीत. शिवाय पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला, ज्यात एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधत राक्षसांशी लढते आणि दुर्गा व विष्णू तिच्यावर लक्ष ठेवून असतात. तुमच्या काळात आपल्या मातीतली अशी गोष्ट गेममध्ये कुठे होती?

मनस्विनी

धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण या आठवणींत मुली फारशा दिसत नाहीत.

आमच्याही घरी गेम होता, म्हणजे भावाचा होता. मारिओमध्ये दोन खेळाडू एकाच वेळी खेळत नाहीत, हे आपल्याला आठवत असेल. पहिला मेला की दुसऱ्याची पाळी. भाऊ मोठा आणि खेळण्यात तरबेज, त्यामुळे माझा लुइजी, म्हणजे दुसऱ्या खेळाडूचा गडी, तासन्‌तास वाट पाहत बसे. मी दुसरा रिमोट हातात धरून जमिनीवर बसलेली असे आणि दर वेळी तो खड्ड्यावरून उडी मारताना मनात म्हणे, की आता तरी पडू दे. तो पडल्यावर माझी पाळी येई आणि सरावच नसल्यामुळे मी पहिल्या वळणावर मरे. मग सगळे म्हणत, हिला येत नाही.

गल्लीतल्या पार्लरमध्ये तर मुलींनी पाऊल ठेवायची सोयच नव्हती. कोणी पाटी लावली नव्हती, पण ते सगळ्यांना ठाऊक होते.

एक गोष्ट मात्र माझी स्वतःची आहे. डक हंट खेळताना भाऊ बंदूक धरायचा आणि मी सवयीने दुसरा रिमोट घेऊन बसायचे. एकदा असाच चाळा म्हणून डावे बटण दाबले आणि बदक डावीकडे वळले. मी घाबरून हात काढला. पुन्हा दाबले, पुन्हा वळले. एक बदक असलेल्या प्रकारात दुसऱ्या रिमोटने ते उडवता येते हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. त्या दिवसापासून मी कित्येक महिने भावाला न सांगता ते बदक वाचवत होते. त्याला वाटे बंदूक बिघडली आहे. तो आनंद मला पुढे कोणत्याही गेमने दिला नाही, हे मी कबूल करते. पण आज माझी भाची ऑनलाइन गेममध्ये स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पाळीने खेळते, आणि तिला त्यासाठी कोणी मरण्याची वाट पाहावी लागत नाही, याचेही मला तितकेच मोल वाटते.

बुधवारपेठ_तंत्रज्ञ

धागाकर्त्यांना कळकळीची विनंती, तो जुना अॅडाप्टर थेट लावू नका. १९९५ ते २००३ या काळात पुण्यात पासोड्या विठोबाजवळ एका दुकानात मी हेच खोके दुरुस्त करत असे. अॅडाप्टरमधले कपॅसिटर इतक्या वर्षांत वाळून गेलेले असतात आणि व्होल्टेज भलतेच येते. आधी मल्टिमीटरने तपासा.

दुसरी गोष्ट कॅसेटीची. आपण सगळेच तिच्यात फुंकर मारत होतो. फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जात आणि तात्पुरता संपर्क जुळे. यश मात्र फुंकरीला मिळे. उलट तोंडातल्या दमटपणाने तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढे, आणि तोच थर काढायला ग्राहक माझ्याकडे येत. साठ पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना तीस-तीस. पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा आणि दहा मिनिटे वाळू द्या.

रिमोटचे बटण दाबूनही चालत नसेल तर आतल्या रबराखालचा काळा कार्बनचा ठिपका झिजलेला असतो. पेन्सिलीचे शिसे घासून काही दिवस काम भागते. खोका उघडलात तर मधोमध काळ्या डिंकाचा थेंब दिसेल. मूळ जपानी यंत्रातल्या चिपांचे काम त्या एका थेंबाखाली दडवलेले असते. तो गेला तर मात्र इलाज नाही.

कऱ्हाकाठ

तंत्रज्ञ साहेब, मनापासून आभार. अॅडाप्टर खरोखरच बारा व्होल्टच्या वर दाखवतो आहे. नवा नऊ व्होल्टचा आणला. मनस्विनी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी धाकटी बहीण आमच्याच ओसरीवर बसलेली असे आणि तिच्या हातात रिमोट कधी होता का, हे मला आठवत नाही.

दर्यावर्दी

चिन्मय यांनी पार्लरच्या नाण्याचा मुद्दा काढला तो बरोबर आहे, पण तिथली दुसरी बाजू तिथे उभे राहिलेल्यालाच कळेल.

आमच्या चिपळूणच्या एसटी स्टँडमागे एक पार्लर होते. तीन मशीन, एक पंखा, आणि एका रुपयाच्या नाण्यात एक खेळ. त्यातले एक मशीन म्हणजे मुस्तफा. खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम. त्यात चार पात्रे होती, पण पिवळी टोपी घालून धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा आम्हांला इतका आवडला की गेमचेच नाव मुस्तफा पडले. मला वाटले हे आमच्या गावचे बारसे असेल. पुढे कळले की कोल्हापूर, हैदराबाद, लखनौ, सगळीकडे त्याला मुस्तफाच म्हणत.

तिघांना एकत्र खेळता येई. काचेच्या कडेवर नाणे ठेवले की पाळी लागली, आणि ते नाणे कोणी उचलत नसे. ज्याच्याकडे नाणे नाही तो मागे उभा राहून सांगत असे की आता उजवीकडून दोघे येणार, पिंप फोड, आत खाणे आहे, आणि ते खाणे ज्याचा जीव कमी त्याने घ्यायचे. माझ्याकडे बहुतेक वेळा नाणे नसेच. तरी मी तो गेम शेवटपर्यंत ओळखतो, कारण मला मागून सांगायला उभे करत. मी सांगितलेले ऐकत असत. बाराव्या वर्षी मोठ्या मुलांनी आपले ऐकणे ही काय गोष्ट असते, ते मला इथे नीट लिहिता येत नाही.

आणि हाच गेम आज पैसे मोजूनही मिळत नाही. तो मार्क शुल्ट्झ यांच्या झेनोझोइक टेल्स या कॉमिकवर आधारलेला होता; हक्क वेगवेगळ्या हातांत असले की असे गेम अडकतात. घरच्या यंत्रासाठी तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. जो गेम अर्ध्या भारताने खेळला, तो विकत घ्यायचा सरळ मार्गच नाही.

गोदातीर

दर्यावर्दी, हा प्रश्न मुस्तफापुरता नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात कायदेशीरपणे मिळत नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे कारागिरीच्या बाजूने पाहतो. सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) हा संपूर्ण गेम ४० किलोबाइटचा आहे आणि यंत्राची कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ ला १५० गिगाबाइट जागा लागते. म्हणजे त्या जागेत मारिओच्या ३६ लाखांहून अधिक प्रती मावतील. आता त्या चाळीस किलोबाइटमध्ये काय केले ते पाहा. मारिओतला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. आपण वर्षानुवर्षे ते पाहिले आणि ओळखले नाही. त्याच्याही आधी, १९८१ च्या डाँकी काँगमध्ये, शिगेरू मियामोतो यांनी मारिओला टोपी दिली कारण तेवढ्या ठिपक्यांत केस काढणे जमेना, आणि मिशी दिली कारण तोंड काढायला जागा नव्हती.

पहिली पातळी आठवा. सुरुवातीला एकच शत्रू चालत येतो, त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत उडी मारायला शिकावेच लागते. नंतर प्रश्नचिन्हाच्या विटेतून कुकुरमुत्ता (मशरूम) बाहेर पडतो, उजवीकडे जातो, पाइपला आपटतो आणि तुमच्याकडेच परत येतो. तो चुकवायला गेलात तरी बहुधा अंगावर येणार, मारिओ मोठा होणार, आणि तुम्हांला कळणार की हा शत्रू नाही. एक अक्षर न लिहिता शिकवणे याला म्हणतात. आपल्याला इंग्रजी येत नव्हते आणि सोबत माहितीपत्रकही नव्हते, तरी आपण शिकलो, त्याचे कारण हे आहे. आजच्या अनेक गेममध्ये पहिला अर्धा तास बाण आणि सूचनांचे चौकोन दाखवण्यात जातो, तेव्हा मला या कुकुरमुत्त्याची आठवण येते.

प्रिन्स ऑफ पर्शियाचे (१९८९) उदाहरणही असेच आहे. जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक चित्र रेखाटले. मेमरी इतकी भरली की नवा शत्रू घालायला जागा उरली नाही. तेव्हा राजपुत्राचेच चित्र त्याच्यावरच किंचित सरकवून उलट पद्धतीने काढले आणि त्यातून ती चमकणारी सावली जन्माला आली. आरशातून बाहेर पडून आपलीच शत्रू होणारी ती सावली पाहून आमच्या शाळेच्या संगणक कक्षात मुले गप्प झाली होती.

म्हणून माझे उत्तर असे, की ते गेम सरसकट चांगले नव्हते, पण त्यांतले जे चांगले होते ते अडचणीने घडवले होते.

अपूर्वा_ज

गोदातीर, आपले म्हणणे मला पटते, पण त्याच अडचणीमुळे कोण बाहेर राहिले, तेही लिहायला हवे.

माझ्या धाकट्या भावाचा उजवा हात अपघातानंतर नीट चालत नाही. दोन बटणे एकाच वेळी दाबून धावत उडी मारणे त्याला शक्य नाही. म्हणजे मारिओची पहिली मोठी दरी हा त्याच्यासाठी गेमचा शेवट आहे, त्याची बुद्धी कितीही चालो. २०१८ च्या सेलेस्टमध्ये गेमचा वेग कमी करता येतो, चढतानाचा दम अमर्याद करता येतो, आणि असे केल्याबद्दल गेम कुठेही हिणवत नाही. २०२० च्या लास्ट ऑफ अस भाग २ मध्ये अशा साठहून अधिक सोयी आहेत; दृष्टी अजिबात नसलेल्या लोकांनीही तो पूर्ण केला आहे. भावाने सेलेस्टचा डोंगर अकरा दिवसांत चढला. शेवटच्या रात्री त्याने आईला झोपेतून उठवले होते.

आपल्या बालपणीच्या कोणत्याच गेमने त्याला ओसरीवर जागा दिली नसती.

तोक्योकर

तोक्योला आल्यावर अकिहाबाराच्या एका जुन्या गेमच्या दुकानात पहिल्यांदा खरा फॅमिकॉम, म्हणजे आपल्या खोक्यांचे मूळ जपानी यंत्र, हातात घेतला. १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलेले ते लाल-पांढरे यंत्र. आपल्याकडे मिळणारे समुराई आणि लिटल मास्टर हे खोके त्याचेच अवतार. गंमत अशी, की याच्या दुसऱ्या रिमोटवर छोटा माइक आहे.

वैदर्भीय, तुमच्या त्या क्रमाची कथाही इथलीच. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो ग्रेडियस हा गेम १९८६ मध्ये घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो स्वतः खेळताना फार अवघड जाई, म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही युक्ती आत घातली, आणि ती तशीच राहून गेली. तिथून ती कॉन्ट्रात आली आणि तिथून तुमच्या दहावीतल्या मुलाकडे. हाशिमोतो २०२० मध्ये गेले.

साधी_माणसं

माझ्या आईला या कोणत्याच गेमचे नाव माहीत नव्हते. तिच्या पिशवीत राखाडी पडद्याचा तो हातातला ब्रिक गेम असे. रोज संध्याकाळी कार्यालयातून परतताना बसच्या रांगेत ती विटा रचत उभी राहायची. त्या वेळेत तिच्याशी कोणी काही बोलायचे नाही, असा आमच्या घरचा नियम होता. दिवसातली तेवढी वीस मिनिटे तिची होती.

चिन्मय९८

दर्यावर्दी काका, मनस्विनी ताई, तुमचे प्रतिसाद वाचून माझे थोडे मत बदलले, ते प्रामाणिकपणे सांगतो.

एका बाबतीत जुने गेम निर्विवाद सरस होते: ते खेळाडूच्या खिशात हात घालत नव्हते. माझ्या मावसभावाने एका मोबाइल गेममध्ये बंद पेट्या उघडण्याच्या नादात मावशीच्या खात्यातून दोन महिन्यांत अठरा हजार रुपये घालवले. पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणजे ही सोडतच झाली. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले, ते योग्यच केले. पार्लरमध्येही नाणी जात, पण रुपया संपला की माणूस घरी येत असे. इथे रुपया दिसतच नाही.

मालकीचेही तसेच. ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लोकांनी पैसे देऊन घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही बंद पडला. कऱ्हाकाठ काकांचा खोका तीस वर्षांनी माळ्यावरून उतरून सुरू होतो, हे मी माझ्या एकाही ऑनलाइन गेमबद्दल म्हणू शकणार नाही. म्हणून जुने चांगले की नवे, यापेक्षा पुरे करून विकलेले आणि कायम विकतच राहिलेले, असे दोन भाग मी पाडीन. स्टारड्यू व्हॅली २०१६ चा असूनही पहिल्या गटात बसतो.

कऱ्हाकाठ

आठवडा संपला. कबूल केल्याप्रमाणे जे पाहिले ते लिहितो.

रोड फायटर दहा मिनिटांत बाजूला पडला. सर्कसही. मला ज्यांचे सर्वांत जास्त प्रेम, त्यांतले हे दोन. मुलांनी नावे ठेवली नाहीत, फक्त पुन्हा लावले नाहीत. मारिओ दोघांनाही ओळखीचा होता. पुतण्याने विचारले, “काका, सेव्ह कुठे होतं?” नाही होत म्हटल्यावर त्याला ते खोटेच वाटले. त्याने शोधाशोध करून मलाच सांगितले की, मेल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए दाबून ठेवून स्टार्ट दाबले की त्याच जगापासून पुढे खेळता येते. ही सोय पहिल्यापासून त्यात होती. तीन वर्षे आम्ही सगळे पहिल्यापासून सुरुवात करत राहिलो.

कॉन्ट्राला सुरुवातीला त्यांचे हात टेकले. शिकवायचे नाही असा माझाच नियम होता, तो मी मोडला आणि दहा बटणांचा क्रम सांगितला. तीस जीव घेऊन दोघे धबधब्यापाशी पोहोचले. तिथे वर चढायचे असते, आणि एक जण भराभर वर गेला की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. पुतण्या चढत गेला, मुलगी मरत गेली. चौथ्या वेळी तिने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, “तू थांबणार नसशील तर मी खेळणार नाही.” त्यानंतर दोघे “एक, दोन, तीन” असे मोजून एकदम उडी मारू लागले. मी स्वयंपाकघरात होतो. बाहेरून अर्धा तास नुसते आकडे ऐकू येत होते.

पण सगळ्यांत टिकला तो टँक, म्हणजे बॅटल सिटी, १९८५ चा. त्यात स्वतःचा नकाशा रचता येतो हे आपल्याला आठवत असेल. मुलीने ज्याला राखायचे असते त्या गरुडाभोवती लोखंडी भिंत बांधली, मग स्वतःलाच बाहेर पडायला वाट ठेवली नाही म्हणून ती पाडली, नदी घातली, झाडी घातली. दुसऱ्या दिवशी खोका सुरू केला तर सगळे पुसलेले. मला वाटले आता रडेल. तिने गणिताची चौकटीची वही आणली, तेरा आडवे आणि तेरा उभे घर मोजले आणि नकाशा पेन्सिलीने आधी वहीत काढला. विटेला फुली, लोखंडाला काळे घर, पाण्याला लाट, झाडीला टिंबे. आज त्या वहीत अकरा नकाशे आहेत. तीन पुतण्याने काढलेले आहेत आणि त्यांवर त्याची सही आहे.

शनिवारी ती तिच्या टॅबवर माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे रचून जग बांधायचा गेम, खेळत होती. मी विचारले, की टँक कंटाळवाणा झाला का. ती म्हणाली, “नाही बाबा, हे पण तसंच आहे. फक्त इथे वही लागत नाही.” वही तिने टॅबच्या कव्हरमध्येच ठेवली आहे.

एक प्रयोग मात्र पूर्ण फसला. डक हंटमध्ये एकही बदक पडले नाही. पडद्याला बंदूक टेकवूनही नाही. बंदूक गेली का?

बुधवारपेठ_तंत्रज्ञ

बंदूक बहुधा ठीक आहे, टीव्ही बदलला आहे. बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. ती फक्त प्रकाश पाहते. घोडा ओढला की पडदा एका क्षणासाठी पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. (आधी अंधार हवा, नाहीतर बल्बकडे नेम धरून सगळी बदके पडली असती.) हे सगळे जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगाला बांधलेले आहे. नवा सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करतो, तेवढ्यात ती वेळ निघून जाते. जुना डब्बा टीव्ही मिळवा.

मनस्विनी

माझ्या आईच्या पुण्याच्या घरी चौदा इंची जुना टीव्ही आहे आणि तो चालतो. आपण पुण्याला येणार असाल तर घेऊन जा. एवढीच विनंती, की तुमच्या मुलीला दुसऱ्या रिमोटविषयी सांगू नका.

कऱ्हाकाठ

मनस्विनी, रविवारी आपल्या मातोश्रींकडून टीव्ही घेऊन आलो. त्यांनी चहा दिला आणि आपल्या भावाचे व आपले बदकाचे भांडण त्यांना आधीपासून माहीत होते, असेही सांगितले.

टीव्ही लावल्यावर पहिल्याच फेरीत पुतण्याने सात बदके पाडली. मुलगी शेजारी बसली होती आणि तिच्या हातात दुसरा रिमोट होता. मी काही बोललो नाही. काल संध्याकाळी सलग पाच बदके निसटली तेव्हा पुतण्या बंदूक हलवून पाहू लागला. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

गावाहून बहिणीला फोन करून हे सांगितले आहे. ती पुढच्या शनिवारी येते आहे.

तंत्रज्ञ साहेब, बंदुकीचा घोडा ओढल्यावर अधूनमधून अडकतो. आत तेलाचा थेंब सोडू का?

बुधवारपेठ_तंत्रज्ञ

तेल अजिबात नको, सेन्सरची काच धुरकट होईल. तीन स्क्रू काढा, आतली स्प्रिंग मुळापाशी घसरली असेल. चिमट्याने खाचेत परत बसवा. नाही जमले तर पुण्याला आलात की घेऊन या.